काकांच्या पोटावर पाय कसा देऊ?

या वेळचं पत्र आपल्या बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका मुलाचं आहे. नाव-गाव सगळं काढून थोडक्यात देते.

"ताई, मी २७ वर्षांचा. मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात असेंब्लीला आहे. आमच्या शेडमधली क्रेन चालवणारे काका आमच्याच गल्लीतले, दांडिया बाजारचे. बाबा गेल्यावर मला इथं त्यांनीच चिकटवलं. फर्स्ट शिफ्टला आम्ही त्यांच्या ॲक्टिव्हावरच जातो, मी मागे बसतो. गेले दोनेक महिने सकाळी सव्वासहाला निघतानाच वास येतो. तोंडात वेलची, डिकीत कोल्ड्रिंकची बाटली, ती गेटच्या अलीकडे गाडी थांबवून पितात. मागच्या मंगळवारी टँकमध्ये कोअर-कॉइल, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा आतला जड गाभा, उतरवताना हिसका बसला, तो लटकता जॉब झोका खाऊन टँकच्या कडेला लागला. मी आणि कॉन्ट्रॅक्टचा एक पोरगा हात लावून उभे होतो, थोडक्यात वाचलो. शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. त्यांची रिटायरमेंट ६ वर्षांवर आहे, मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. सांगितलं तर नोकरी जाईल, वर गुजरातमध्ये पिणं म्हणजे पोलीस. आई म्हणते ज्यानं भाकरी दिली त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. मी काय करू?"

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी एकाच ओळीवर अडकले. तू मधेच सहज लिहून गेलायस, 'मी आणि कॉन्ट्रॅक्टचा एक पोरगा हात लावून उभे होतो'. त्या पोराबद्दल पुढे एक अक्षर नाही. काकांच्या मुलीचं लग्न आहे, रिटायरमेंट आहे, तुझ्यावरचे उपकार आहेत, आईचं म्हणणं आहे, सगळं आहे, आणि तो पोरगा फक्त त्या एका ओळीत आहे. त्याला दोन महिन्यांपासून वास येतो का हे पण तुला माहीत नसेल कारण तो काकांच्या गाडीवर बसत नाही. तो रोज सकाळी त्या हुकाखाली उभा राहतो ते वर केबिनमध्ये शुद्धीतला माणूस आहे असं धरूनच ना.

म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. सांगायचं. आणि लवकर सांगायचं, लग्नानंतर नाही, दिवाळीनंतर नाही. फक्त कोणाला, कसं आणि कोणत्या क्रमानं सांगायचं हे नीट बघू या, कारण तेवढ्यावरच काकांचं पुढचं सगळं ठरणार आहे, नोकरीपण आणि जीवपण.

मी स्वतः इथल्या एका कंपनीत २६ वर्षं पर्सोनेलमध्ये होते. आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारा एक माणूस होता, अगदी सज्जन, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी यायचा तेव्हा डोळे लाल असायचे आणि मस्टरवर सही करताना पेन दोन्ही हातांनी धरायचा, उजव्या हातात पेन आणि डाव्यानं मनगट दाबून. मी ते माझ्या टेबलावरून रोज बघायचे. त्याची बायको एकदा माझ्याकडे येऊन बसली होती, पदर तोंडाला लावून नुसती रडली, बाई सांभाळून घ्या म्हणाली, आणि मी घेतलं सांभाळून. म्हणजे काय केलं तर त्याला म्हणायचे जा बाबा आधी चहा घे मग गाडीवर बस. चहानं उतरत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही, मला ते माहीत करून घ्यायचंच नव्हतं. एका पावसाळ्यात त्यानं रिव्हर्स घेताना लोडिंगच्या एका पोराच्या पायावर गाडी घातली. १९ वर्षांचा पोरगा, दाहोदकडचा. पाय घोट्यापासून गेला. चौकशीत प्रत्येक जण म्हणाला की साहेब आम्हाला वाटतच होतं. मीसुद्धा तेच म्हणाले. बायको माझ्याकडे येऊन रडली म्हणून मी जे केलं त्यात तिच्या नवऱ्याची नोकरी पण वाचली नाही आणि त्या पोराची आई माझ्याकडे कधी आलीच नव्हती, ती आली ती पाय गेल्यावर, ते पण फक्त सहीला. आजही पावसात गेटजवळ फोर्कलिफ्टचा रिव्हर्सचा पीप पीप आवाज आला की मी थांबते.

तर आईला सांग की पोटावर पाय देण्याची गोष्ट नीट मोजायची असेल तर सगळ्यांची पोटं धरून मोज. आणि काकांचंच पोट घे ना आधी. कामगार भरपाईच्या कायद्यात, अगदी १९२३ पासून, एक कलम आहे जे शेडमध्ये कोणालाच माहीत नसतं. कामावर इजा झाली आणि ती माणूस दारूच्या अमलात होता म्हणून झाली असं निघालं, तर भरपाई द्यायला मालक बांधील नसतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरच मालकाला हे कारण सांगता येत नाही. म्हणजे उद्या केबिनच्या शिडीवरून काकांचा पाय घसरला आणि हात मोडून कामातून गेला, एक हात फक्त, तर त्यांना काही मिळेलच असं नाही. ती उभी लोखंडी शिडी ते रोज सकाळी त्याच अवस्थेत चढतात, तू फक्त खाली हुकाकडे बघत असतोस म्हणून तुझ्या डोक्यात ती येत नाही. गप्प बसून तू त्यांची नोकरी वाचवत नाहीयेस, अपघात होईपर्यंत पुढे ढकलतोयस, आणि अपघातानंतर जी नोकरी जाते ती ग्रॅच्युइटीच्या भांडणासकट जाते.

आता काकांना काय झालंय ते समजून घे, कारण त्यावरूनच पुढचं ठरतं. रात्री मित्रांबरोबर घेणारा माणूस वेगळा आणि सकाळी सहाला घेणारा वेगळा. सकाळी कोणी मजेसाठी पीत नाही रे. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं, मग रात्रभर मिळाली नाही की सकाळी हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, छातीत धडधडतं, आणि दोन घोट पोटात गेले की हात स्थिर होतो. तू बघ, बाटली पिण्याआधी काकांचा हात कसा असतो आणि पिल्यावर कसा होतो. डॉक्टर व्यसन ओळखायला जे चार साधे प्रश्न विचारतात त्यातला एक प्रश्न हाच असतो की सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का. म्हणजे काकांना बहुतेक हा आजार आहे, चांगला मुरलेला आहे, आणि त्यांच्या दृष्टीनं ते हात स्थिर करून कामावर येतायत, जबाबदारीनं. त्यांना खरंच असं वाटत असणार. वाईट हे आहे की हात स्थिर झाला तरी अंदाज आणि झटपट प्रतिसाद गेलेला असतो, आणि कोअर-कॉइल टँकमध्ये उतरवताना चारी बाजूंनी काही इंचच जागा असते हे मी तुला सांगायला नको.

ते म्हणतील, अरे सकाळी नाही, रात्रीची आहे ती. असेलही खरं, पण त्यानं फरक काय पडतो? हिशोब कर. आपल्या देशी बनावटीच्या व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच्या आसपास काढतं, लिंबूपाणी प्या, आंघोळ करा, सेव-उसळ खा, वेग तोच राहतो. रात्री ११ ला क्वार्टर संपवली तर सकाळी सहा-सात वाजेपर्यंत ती पूर्ण उतरलेली नसू शकते, आणि दोन झाल्या असतील तर सकाळी सातला माणूस सरळ सरळ प्यायलेलाच असतो. आणि ते जर पोटलीवाले, म्हणजे पिशवीतली गावठी पिणारे, असतील, मला भीती तीच वाटते कारण बाटलीत ओतून आणतायत, तर त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २०२२ च्या जुलैमध्ये बोटादकडे विषारी दारूचं लठ्ठाकांड झालं त्यात ४० हून जास्त माणसं गेली, कारखान्यातलं मिथेनॉल पाणी घालून दारू म्हणून विकलेलं होतं.

पोलिसांचं घे आता. तुझी भीती खोटी नाही. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आपल्याकडे १९६० ला गुजरात वेगळं झाल्यावरही राहिला, आणि परमिट नसताना नुसतं पिणं हाच गुन्हा आहे, पीधेल्याची, म्हणजे प्यायल्याची, केस होते. पुण्यामुंबईत माणूस ऑफिसात उघड म्हणतो काल जरा जास्त झाली यार. आपल्याकडे तसं कोणी म्हणत नाही, आणि त्याचं एक फार वाईट झालंय की आपण पोलिसांपासून लपवता लपवता डॉक्टरपासून पण लपवायला शिकलो. काकूंनी पण कोणाला सांगितलं नसेल, माहेरी पण नाही. म्हणून एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. कंपनीत सांगणं म्हणजे पोलिसात सांगणं नाही. तू १०० किंवा ११२ नंबर फिरवणार नाहीयेस. आणि उपचारासाठी गेलेल्या माणसाची माहिती गुप्त राहायला हवी हा त्याचा हक्क आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेला आजार पण धरलेला आहे आणि गुप्ततेचा हक्क पण दिलेला आहे. डॉक्टर कोणाला पकडून द्यायला बसलेले नसतात. हे काकूंना समजावून सांगायला लागेल, एकदा सांगून पुरणार नाही.

तर क्रम.

उद्यापासून गाडी तू चालवायची. हे सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर. काका ओरडले तर म्हण मला प्रॅक्टिस करायचीय, काहीही म्हण, पण किल्ली तुझ्या हातात. लालबागच्या पुलावर सकाळी सहाला ट्रक असतात आणि तू त्या माणसाच्या मागे बसून जातोयस. किल्ली नाही मिळाली तर बसने जा किंवा रिक्षानं जा, पण मागे बसायचं नाही.

दुसरं, शेडमध्ये. क्रेनच्या कामात एक नियम असतो, इशारे देणारा माणूस एकच असतो पण स्टॉपचा इशारा कोणीही दिला तरी ऑपरेटरनं थांबायचं, मग तो हेल्पर असो नाहीतर झाडूवाला. तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल. पुढच्या वेळी जॉब वर उचललेला असताना काही चुकतंय असं वाटलं तर हात आडवे करून थांबव, त्या पोराला हाताला धरून बाजूला घे, आणि सुपरवायझरला म्हण की लोड नीट येत नाहीये, मी याखाली उभा राहणार नाही. त्या वेळी दारूचा विषय काढायचीही गरज नाही. आणि त्या पोराला आजच सांग की लटकत्या जॉबखाली जायचं नाही, हात लावून धरायचा नाही, दोरी बांधून लांबून धरायचा. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना हे कोणी सांगत नाही, त्यांना सांगतात ते फक्त लवकर कर.

तिसरं म्हणजे काकांशी बोलणं. यात तू अडकशील म्हणून सविस्तर लिहिते.

शिफ्ट सुटल्यावर बोल, सकाळी नाही. सकाळी ते प्यायलेले असणार आणि संध्याकाळी उशिरा परत घेतलेली असणार, मधे दुपारी साडेतीन-चारची वेळ असते तेव्हा माणूस त्यातल्या त्यात स्वतःचा असतो. येताना लारीवर चहाला थांबा. चार लोकांत नको, घरी काकूंसमोर नको, आणि 'तुम्ही दारुडे झालात' किंवा 'काका तुम्हाला लाज कशी वाटत नाही' असलं काही नको, त्यांना लाज वाटतेच, म्हणून तर वेलची आहे तोंडात. तू फक्त तू बघितलेलं सांग. की काका, मंगळवारी जॉब टँकला लागला तेव्हा माझा हात तिथून एवढ्यावर होता, आणि बोटानं दाखव. की रोज सकाळी मला वास येतो. की डिकीतली बाटली मला माहीत आहे. आणि मग लगेच पुढचं सांग, थांबू नकोस, नाहीतर तुझा धीर जाईल. 'काका तुम्ही मला नोकरी लावलीत, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. तुम्ही उद्यापासून मेडिकल लिव्ह टाका, मी तुमच्याबरोबर हॉस्पिटलला येतो. तुम्ही उद्या असेच केबिनमध्ये चढायला निघालात तर मी चढण्याआधी शिफ्ट इनचार्जला सांगणार आहे. तुमच्या मागून नाही, तुम्हाला सांगून.'

ते काय करतील ते पण सांगते. एक तर चिडतील, तुला मी इथं आणलं आणि तू मला शिकवतोस. चिडू देत. नाहीतर डोळ्यात पाणी आणून तुझ्या बाबांची शपथ घेतील की उद्यापासून बंद. ही शपथ खरी असते, ते मनापासून घेतात, आणि तरी ती तू धरायची नाहीस, कारण उद्या सकाळी सहाला हात थरथरायला लागले की शपथ त्यांच्या हातात राहत नाही. मी अशा किती शपथा टेबलावर घेतल्यायत, देवाच्या, पोरांच्या. शपथेवर मी फोर्कलिफ्टची चावी परत दिली होती रे. तू देऊ नकोस. आजची सवलत म्हणजे फक्त एक रात्र, स्वतःहून रजा टाकायला.

आणि उलट, उद्या सकाळी निघतानाच ते पूर्ण झिंगलेले दिसले आणि तुझं बोलणं व्हायचंय, तर बोलण्याची वाट बघू नकोस. त्या दिवशी सरळ इनचार्जला सांग की काकांची तब्येत ठीक नाही, त्यांना आज क्रेनवर बसवू नका. त्यात खोटं काही नाही.

इनचार्जला सांगताना शब्द मोजून वापर. 'काका पिऊन येतात' हा निकाल झाला, तो तू द्यायचा नाही. तू सांग अमुक तारखेला सव्वासहाला वास आला, अमुक वेळी जॉब टँकला लागला, तेव्हा खाली दोघं होतो. एका वहीत आजपासून तारीख-वेळ लिहून ठेव, दोन ओळी पुरे. याला कारण आहे. शुगरवाल्या माणसाची साखर एकदम उतरली तरी तो घामाघूम होतो, जीभ जड होते, तोल जातो, अगदी प्यायल्यासारखा दिसतो, आणि काकांच्या वयाला शुगर किती घरांत नसते. बाटली आणि वास बघता मला शंका फारशी नाही पण तपासायचं काम डॉक्टरचं. व्हिडिओ काढायचा नाही. ग्रुपवर टाकायचं नाही. लॉकर रूममध्ये बोलायचं नाही. ज्या दिवशी हे शेडच्या व्हॉट्सॲपवर गेलं त्या दिवसापासून काकांची परत यायची वाट बंद होते, आणि पोलिसात जाते ती गोष्ट पण बहुतेक तिथूनच जाते.

आणि हे मुद्दाम म्हण, इनचार्जला आणि एचआरला दोघांना, की यांना आधी मेडिकलला पाठवा. बऱ्याच कंपन्यांच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, ड्युटीवर पिऊन येणं मोठ्या गैरवर्तनात असतं आणि त्यावर डिसमिसपर्यंत जाता येतं, हे तुझ्यापासून लपवून ठेवत नाही. पण चार्जशीट, उत्तर द्यायची संधी, चौकशी असं सगळं करावं लागतं, एका दिवसात हाकलत नाहीत. अपघात व्हायच्या आधी आजार म्हणून समोर आलेल्या माणसाला क्रेनवरून काढून स्टोअरमध्ये किंवा टूल रूममध्ये बसवायला मॅनेजमेंट बऱ्याचदा तयार असते, मी स्वतः अशी चार-पाच प्रकरणं केलीयत. त्यातले दोघं नीट रिटायर झाले. एक परत घसरला, त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. क्रेनवर मात्र परत बसायचा हट्ट काकांनी सोडायला हवा. युनियन असेल तर प्रतिनिधीला बरोबर घ्या, त्यासाठीच असतो तो.

इनचार्ज म्हणाला की अरे चालतं, डिस्पॅच आहे महिनाअखेरचं, तू तुझं काम बघ, तर? तर साधा अर्ज लिही, सेफ्टी ऑफिसरच्या नावानं, ५ ओळींचा, पोच घे किंवा ईमेल कर. लेखी गेलं की कोणी दाबत नाही, कारण उद्या काही झालं तर तो कागद बोलतो हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानंही हललं नाही तर सरकारी कारखाना निरीक्षक आहेत, गुजरातमध्ये त्या खात्याला डायरेक्टोरेट ऑफ इंडस्ट्रियल सेफ्टी अँड हेल्थ म्हणतात. तिथपर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. कंपनीनं काकांना घरी बसवलं आणि काका जिद्दीला पेटून म्हणाले जा आजपासून थेंब नाही, आणि काकूंनी देवाला नारळ फोडला. हे धोक्याचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखत नाहीत, अंग तापतं, त्यात माणूस जाऊही शकतो. त्याला भूतबाधा समजून घरी बसवणारे मी बघितलेत. दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं असतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. आपल्याकडे सयाजी हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, ओपीडीला जायचं, काही लाजायचं नाही. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागले तर ओपीडीची वाट न बघता सरळ १०८.

आणि तुझी आई किंवा काकू म्हणतील की पेपरात जाहिरात येते, चहात पावडर टाकली की दारू सुटते, त्याला कळत पण नाही. हात जोडून सांगते, हे करू नका. त्यातल्या काही पुड्यांत असं औषध असू शकतं ज्यावर दारू पोटात गेली की बीपी एकदम पडतं आणि हृदयावर येतं, आणि पिणाऱ्याला माहीतच नाही की आपण औषध घेतलंय म्हणून तो नेहमीसारखा पितो. ते औषध डॉक्टर देतातही, पण माणसाला समोर बसवून, सांगून, त्याच्या संमतीनं.

पुढचं लांबचं काम आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्ही ऐकून असालच, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ ला सुरू केलं, काका तयार झाले तर तिथं जाता येतं, आणि मला त्याचं महत्त्व एवढ्यासाठी वाटतं की काकांसारखा माणूस गुजराती उत्तम बोलत असला तरी रडायचं असेल तेव्हा मराठीतच रडतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा गट, त्यांच्या मीटिंगा असतात, फी नसते, नाव विचारत नाहीत.

तुझ्याबद्दल राहिलं. शेडमध्ये काही दिवस तुला चहाडखोर म्हणतील, डबा खायला शेजारी बसणार नाहीत, जे स्वतः दोन महिने वास घेत गप्प होते तेच जास्त बोलतील. काका कदाचित वर्षभर बोलणार नाहीत, गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणार नाहीत, तुला ते लागेल. मी तुला असं सांगणार नाही की एक दिवस येऊन पाठ थोपटतील. काहींनी थोपटली, काहींनी मरेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. लग्नाचं बोलावणं आलं नाही तरी काकूंना मदत लागेल तिथं जा, मांडवात खुर्च्या लाव, मागच्या दारानं जा हवं तर.

आईला एकटीला बसवून मंगळवारचं सगळं खरं सांग. मला वाटतं तू तिला हिसका बसला एवढंच सांगितलंयस, हात किती अंतरावर होता ते सांगितलं नाहीयेस. ते कळल्यावर पण ती हेच म्हणते का बघ.

आणि काकूंसाठी दोन नंबर, १४४१६ हा मानसिक आरोग्याचा टेलिमानस आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा, दोन्ही सरकारी आणि फुकट आहेत. मोबाईलवर पाठवू नकोस, घरात काका बघतील. कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि आईच्या हातून दे, हळदीकुंकवाला नाहीतर भाजी आणायला जाताना, त्या दोघींचं रोजचं बोलणं असेलच.